तांबड्या पाण्याचं औषध

सून सुलेखा गुणाची आहे, पण तिचं घर मला दमवतं. जपानात, कोबेला येऊन चौदा महिने झाले. नातवंडं जपानीत उत्तरं देतात, आणि इथल्या नियमानं कचरा पाच पिशव्यांत मी निवडते. म्हणून दर गुरुवारी जवळच्या आरिमा गावी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसते. लोखंडाचं तांबडं पाणी. गुडघा तेवढा वेळ गप्प राहतो.

“जरा सरकता का?”

मराठी! शेजारी दोन लांबसडक पाय पाण्यात उतरले.

चंद्रहास. पुण्याचे, इतिहासाचे मास्तर, विधुर. जर्मनीतल्या एका आरोग्यधामावर पुस्तक लिहीत होते. इतर ठिकाणी ज्यूंना दारातूनच हाकलत, म्हणून एका ज्यू कुटुंबानं आपलंच काढलं. औषधी पाणी, डॉक्टर, त्यांच्या धर्माप्रमाणे दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. पुढं नाझींनी तेही हिसकावलं. घरची लेक जीव घेऊन कोबेला आली. तिच्या वह्या इथंच होत्या.

“आणि भांडी कोण घासायचं?” मी विचारलं.

“अं?”

“एवढ्या पाहुण्यांची, तीही दुप्पट. दमत असेल बिचारी भांडीवाली. नाव काय तिचं?”

“ते... नाही पाहिलं.”

“मग कसला इतिहास, मास्तर? मी चौथी पास, पण मलासुद्धा कळतं.”

हसले मेले. डोळ्यांनी. मी पदर उगाचच सारखा केला.

पुढच्या गुरुवारी पावसातून भिजत आले. लांबूनच ओरडले, “रोझा! बाई, रोझा नाव तिचं! अकरा वह्या चाळल्या. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून मालकीण रोज संध्याकाळी तिला पाहुण्यांच्या पाण्यात बसवायची.”

माझ्या एका प्रश्नापायी कुणी कधी अकरा पानंसुद्धा उलटली नव्हती. हयात असताना आमच्या ह्यांनीही नाही.

“काम संपलं. शनिवारी परत निघतोय,” मास्तर म्हणाले. घटकाभर पाण्यात बुडवलेले पाय पुसले, मोजे चढवले, उठले. “थांबायला काही कारण असतं, तर—”

पुढं बोललेच नाहीत. एवढे शिकलेले, आणि ऐन वेळी दातखीळ!

आता मीच बोलायचं? जन्मात पुरुषाचं नाव घेतलं ते उखाण्यात. दुसरी रीत मला येत नाही.

“मास्तर, ऐकून जा,” मी पाण्याकडे बघत म्हणाले.

“तांबड्या पाण्यात पाय सोडून बसले तासन्‌तास,
दुखण्याचं नुसतं निमित्त... खरं औषध चंद्रहास.”

कान तापले. वर बघायचा धीर होईना.

मास्तर परत शेजारी बसले, आणि वाकून मोजे काढू लागले.