कोणता गुडघा?

बोगद्याच्या चढाला मी सायकलवरून उतरले, आणि माझ्या मागे आणखी कोणीतरी उतरल्याचा आवाज आला.

नोव्हेंबरमधली सकाळ होती. साताऱ्यातली थंडी अजून अंगावर आली नव्हती, पण कानाला लागत होती. मी मान वळवून पाहिलं नाही. पासष्टाव्या वर्षी सायकल घेतलेल्या बाईने चढावर हँडल घट्ट धरून चालावं, इकडे तिकडे बघू नये, असं माझं मत होतं.

"गुडघा?" मागून आवाज आला.

"दोन्ही," मी म्हणाले. "तुमचा?"

थोडा वेळ नुसताच चाकांचा टिकटिक आवाज...

"उजवा," ते म्हणाले.

तेव्हा मी पाहिलं. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, कानटोपी, आणि इस्त्री केलेली पँट. सायकलवर येताना इस्त्री केलेली पँट घालणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पण मला खटकलं ते वेगळंच. त्यांना धाप लागलेली नव्हती.

हे मला कळतं. बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यातली पहिली कित्येक वर्षं कानाला हेडसेट लावून ट्रंक कॉल जोडण्यात गेली. फोनवर माणूस दिसत नाही, श्वास तेवढा ऐकू येतो. कोण जिना चढून आलंय, कोण रडून आलंय, कोण खोटं बोलायच्या आधी आवंढा गिळतंय, सगळं. आणि हा माणूस निम्मा चढ चढून असा श्वास घेत होता, जसा कोणी अंगणात खुर्ची टाकून बसलेला असावा.

मग उतरला कशाला?

तिथून माझं कुतूहल सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर सगळंच तिथून सुरू झालं.

त्यांचं नाव लालासाहेब. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, गाव वडूजच्या पलीकडे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगाही सैन्यातच, त्यामुळे गोडोलीतल्या घरात ते एकटे. मीही एकटीच. आमच्या घरी अकरा वर्षांपूर्वी एक खुर्ची रिकामी झाली, ती मी अजून हलवलेली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ते आमच्या कंपूत आले. आमचा कंपू तिघांचा. सुमंत, म्हणजे शाळेतले चित्रकलेचे निवृत्त मास्तर, माझी शेजारीण प्रियदर्शनी, जी आयुष्यभर नर्स होती आणि आता सगळ्यांच्या तब्येतींवर हक्काने बोलते, आणि मी. सुमंतांनी कंपूचं नाव 'गंजलेली साखळी' ठेवलं होतं. रोज सकाळी बोगद्यापर्यंत जायचं, पलीकडे पारावर बसायचं, आणि रविवारी प्रत्येकाने आळीपाळीने घरून डबा आणायचा. सुमंत आणि प्रियदर्शनीच्या सायकली नव्या, हलक्या. ते दोघं चढ चढून पुढे जायचे. मागे राहायचो आम्ही दोघं, हँडल धरून चालत.

त्या दहा मिनिटांच्या चालण्यात किती बोलणं व्हायचं. ते मला मॅडम म्हणायचे. लेह, जोधपूर, तेजपूर, कुठकुठल्या थंडीच्या आणि उन्हाच्या गोष्टी सांगायचे. मी एक्स्चेंजच्या सांगायचे. एकदा म्हणाले, त्या काळी ते वडूजला ट्रंक बुक करायचे, चार-चार तास वाट बघायचे, आणि मग साताऱ्याची बाई लाइन जोडून द्यायची.

"आणि तीन मिनिटं झाली की मदेच बोलायची," ते म्हणाले. "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? लय राग यायचा बघा तिचा."

"ती मी असणार."

"व्हय? मग आवाज वळकीचा वाटतोय ते उगं न्हाई."

आता हे खरं की नुसतंच गोड बोलणं, याचा मी घरी येऊन बराच विचार केला. भाजी करपली.

गुडघ्यासाठी मी त्यांना मेथीचे लाडू करून नेले. माणूस रोज लंगडतोय, आणि आपल्याला लाडू येतात, तर न्यायला नकोत? डिंक, सुंठ, खारीक, खोबरं, सगळं नीट घातलं. फक्त मेथीचं पीठ आठ दिवस तुपात भिजवायचं असतं ते मी तीनच दिवस भिजवलं. घाई का झाली ते विचारू नका. लाडू कडू झाले. सुमंतांनी अर्धा खाऊन उरलेला हळूच खिशात घातला. लालासाहेबांनी दोन खाल्ले.

"उतार पडंल असं वाटतंय," असं म्हणून त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

डाव्या गुडघ्यावरून.

 त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. सोमवारी उजवा पाय ओढायचे. गुरुवारी डावा. एका शनिवारी चढाच्या खाली उजवा आणि वर पोहोचेपर्यंत डावा. प्रियदर्शनीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की गुडघ्याचं दुखणं असं बाजू बदलतं का गं? ती म्हणाली, वात असेल तर फिरतो, पण चढाच्या मध्यावर नाही फिरत. आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी पिशवीत रुमाल शोधायला लागले.

मग मी एक वाईटपणा केला. पुढच्या खेपेला लाडवात मेथी दुप्पट घातली. म्हटलं, बघू, खरं दुखत नसेल तर किती दिवस गिळतील. पारावर बसून त्यांनी पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मिशा जागच्या जागी थरथरल्या. तरी त्यांनी सावकाश सबंध लाडू संपवला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"मॅडम... औषध हाय ही," ते म्हणाले. "आणि दोन द्या घरी न्यायला."

पण एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला ते चार दिवस गावी गेले होते, हरभऱ्याच्या कामाला. त्या मंगळवारी सुमंत आणि प्रियदर्शनी पुढे निघून गेले आणि मी चढाखाली एकटी उभी राहिले. म्हटलं, गिअर सगळ्यात हलक्यावर टाकून बघू. पाय फिरत गेले. गुडघे कुरकुरले, पण थांबले नाहीत. मी बोगद्याच्या तोंडापर्यंत सायकलवर पोहोचले. आनंदाने मागे वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. सांगायचं कोणाला?

ते परत आले त्या दिवशी मी नेहमीच्या झाडाखाली निमूट उतरले. आणि गुडघ्यावर हात ठेवला.

म्हणजे दुसऱ्याचं खोटं पकडायला निघालेली बाई कुठल्या थराला गेली होती बघा.

हे असंच चालत राहिलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण माझी मयूरी सांगलीला असते, विश्रामबागेत. तिचं गेली दोन वर्षं एकच म्हणणं. आई, साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, रात्रीअपरात्री काही झालं तर? आता तिने तळमजल्यावरची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली होती. नव्या वर्षात ये, पंधरा दिवस राहून बघ, आणि संक्रांतीच्या संध्याकाळी सांग, कायमची येतेस का. सायकल काय, कोणालातरी देऊन टाक.

लेकीला नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. माझ्याकडे काय होतं? एका माणसाचा गुडघा बाजू बदलतो, एवढंच.

शेवटच्या सकाळी चढावर मी लालासाहेबांना सगळं सांगितलं. संक्रांतीची मुदतही सांगितली. सांगताना त्यांच्या श्वासाकडे कान देऊन होते. तो मधेच एकदा अडला. मला वाटलं, आता बोलतील.

"लेकीकडं जावं," ते म्हणाले. "चांगलं असतंय ते."

"आणि चढाला सोबत?"

"सोबत काय..." त्यांनी घंटी उगाच एकदा वाजवली. "हाईत की सुमंत मास्तर."

मी लाडवांचा डबा त्यांच्या हँडलला अडकवला. लग्नातला स्टीलचा डबा, झाकणावर माझं नाव घातलेला. तो परत कधी करू, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. घरापर्यंतची सगळी वाट मी ठरवत होते, की आता ह्या माणसाचा विचार करायचा नाही. आणि सगळी वाट एकच विचार करत होते, आज त्यांनी कोणताच पाय ओढला नाही.

सांगलीत काही कमी नव्हतं. खोली छान, खिडकीशी जास्वंद, जावई सकाळी भडंग करून द्यायचे, मयूरी मला तवासुद्धा उचलू द्यायची नाही. आणि नुसतं बसून माझे गुडघे असे दुखायला लागले, जसे साताऱ्यात कधी दुखले नव्हते. प्रियदर्शनीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, सगळे येतात ना सकाळी? ती म्हणाली, सुमंत येतात. तुझे सुभेदार दोन दिवस आले, चढाखाली थांबले, आणि मग आम्हा दोघांच्या पुढून असे सटकन निघून गेले, की सुमंत अजून त्याच धक्क्यात आहेत. दूधवाला म्हणतो, हा माणूस वर्षभर रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढून येतो.

"कशाने?" मी विचारलं.

"सायकलने गं. आणि मग तुझ्याबरोबर लंगडायला यायचा."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ जास्वंदीकडे बघत बसले. कळलं होतं सगळं, आणि तरी काहीच कळलं नव्हतं. मग जावं असं का म्हणाले?

संक्रांतीला दुपारी चारच्या सुमाराला मयूरी तिळाच्या वड्या ताटलीत मांडत होती. मला माहीत होतं, दिवा लावला की ती विचारणार. मी 'हो' हा शब्द तोंडात घोळवून ठेवला होता. इतक्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. एकदाच, उगाच वाजवल्यासारखी.

मी पायरीवर आले. लालासाहेब फाटकाला धरून उभे होते. पँटची इस्त्री पार गेलेली, मिशांवर धूळ, कानटोपी हातात. आणि त्यांना धाप लागली होती. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच.

"डबा द्यायला आलो," ते म्हणाले.

मयूरी बाहेर आली. तिला कळेना हे कोण. मी म्हटलं, हे सुभेदार लालासाहेब, साताऱ्याचे. तिने पाणी आणलं, खुर्ची दिली, आणि विचारलं, कशाने आलात?

"सायकलनं. काल गावी मुक्काम केला, आज पाटं निगालो. मायणी, विटा, तासगाव... रस्ता चांगला हाय. पत्ता प्रियदर्शनीबाईंनी दिला."

मयूरीने माझ्याकडे पाहिलं. लाडवांची गोष्ट तिला मी सांगितलेली होती. "पण आई म्हणत होती, तुमचा गुडघा..."

 मी डबा उघडला. आत तासगावचे बेदाणे, हिरवे, लांब, काठोकाठ भरलेले. शेजारघरचा डबा रिकामा परत करू नये हे त्यांनाही माहीत होतं, पण त्यासाठी एवढं अंतर कोणी पायडल मारत येत नाही.

"कोणता गुडघा, सुभेदार?" मी विचारलं.

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. आधी उजव्याकडे पाहिलं, मग डाव्याकडे.

"कोनताच न्हाई," ते म्हणाले. "पैल्या दिवशी तुमी उतरलेल्या दिसला. पुढं निगून जावं वाटंना. तुमी विचारलं 'तुमचा?', तर... सुचला त्यो सांगितला."

"आणि इतके लाडू खाल्लेत?"

"लय कडू हुते, मॅडम. दुसऱ्या खेपंचं तर..." त्यांनी मान हलवली. "पन खोटं बोलल्याची तेवढी शिक्षा पायजेच."

मयूरी तोंडाला पदर नसताना पदर लावल्यासारखा हात लावून आत गेली. दार तिने अर्धंच लोटलं.

"मग जावं म्हणून का सांगितलंत?"

"लेकीच्या आन तुमच्या मदी बोलायचा आमाला काय हक्क? त्यो मागायला आलोय." त्यांचा श्वास अजून स्थिर झाला नव्हता. आणि ही धाप सायकलची नव्हती, तेवढं मला ऐकू येतंच. "एकला मानूस हाय मी. भाकरी करतो, जरा करपती. त्यो चढ तुमच्यासंगं चालत चढायचाय, हायती तेवढी वर्सं. तुमी संक्रांतीला सांगनार हुता, म्हनून आज आलो. न्हाई म्हनला तर उद्या परत फिरतो."

मला सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? हा माणूस दीडशे किलोमीटरभर ही वाक्यं जुळवत आला असणार, मायणीला एक, विट्याला एक.

"चालत नाही चढायचा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला.

"मला तो चढ डिसेंबरपासून जमतो. सायकलवर, पार बोगद्यापर्यंत. तुम्ही हरभऱ्याला गेला होता तेव्हा करून पाहिला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या गुडघ्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. हसू आधी मिशांत आलं आणि सावकाश डोळ्यांपर्यंत चढलं.

"मग रोज उतरत का हुता?"

"तुम्हाला चालायला सोबत नको?"

आतून मयूरीचा आवाज आला, कोणाला न विचारता. ती म्हणाली, तळमजल्यावरची खोली दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवते, पण सायकल मात्र कोणाला देऊ नकोस. आवाज थोडा ओला होता, तरी त्यात हसू होतं. माझ्या तोंडातला 'हो' मी पुन्हा एकदा घोळवला. आता तो दुसऱ्याच प्रश्नाचा होता.

  जास्वंदीवरचं ऊन फाटकापर्यंत सरकलं. लालासाहेबांनी डब्याच्या झाकणावरच्या माझ्या नावावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"प्रमोदिनी... तीन मिनिटं झाली का?"

कितीतरी वर्षं तीन मिनिटांचं मीच दुसऱ्यांना विचारत आले होते. मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"झाली," मी म्हणाले. "वाढवून देते."