डाव्या मनगटाची त्वचा

माझं काम साधं होतं. दर तासाला वॉर्डात जायचं, एका नावाडी पेशंटच्या तोंडात टॉर्च मारायचा आणि दिसेल तो रंग लिहायचा.

कॅन्सरमुळे त्यांच्या डाव्या गालाचा आतला भाग काढला होता. तिथे डाव्या मनगटाची त्वचा, रक्तवाहिन्यांसकट, आणून शिवली होती आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या होत्या. गुलाबी असेल तर ठीक. जांभळी झाली तर रक्त अडकलं, आणि काही तासांत ती मरते. मी जीवशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच संशोधन सहायक म्हणून लागले होते. फॉर्मातला एकही प्रश्न गाळत नसे.

"काही जाणवतं?" ओल्या कापसाने त्वचा टिपत मी विचारलं.

गळ्यात श्वासाची नळी होती, म्हणून ते पाटीवर लिहीत. 'पुन्हा आलीस? डास बरा. विचारत तरी नाही.'

त्यांची मुलगी हसली. "ताई, मनावर घेऊ नका. चाळीस वर्षं होडीतल्या प्रवाशांनाही असंच बोलायचे. आम्ही घरचे तर फुकटे प्रवासी."

दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नावर त्यांनी लिहिलं, 'मनगट दुखतं.'

"बँडेज घट्ट झालंय का?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि गालाकडे बोट दाखवलं.

त्या त्वचेचा एकही मज्जातंतू जोडलेला नव्हता. तिथे काही जाणवणं शक्य नव्हतं. मी 'आभास' असं नोंदवलं.

दुपारी पाटीवर होतं, 'कोणीतरी धरलंय.'

चार वाजता त्वचा जांभळी झाली. सर्जनबाईंनी मानेचे टाके उघडून पाहिलं. शीर मोकळी, गुठळी कुठेच नाही. "मग दाब येतोय कुठून?" त्यांनी मला असं विचारलं, जणू मीच दाबत होते.

नावाड्यांना परत वॉर्डात आणल्यावर मी टॉर्च लावला. त्वचेवर चार तिरपे पट्टे होते, एकाशेजारी एक. दातांचे म्हणावेत तर त्या बाजूला दात उरलेच नव्हते. मी निर्जंतुक मोजपट्टी धरली. प्रत्येक पट्टा नऊ मिलिमीटर रुंद. माझी करंगळी तेरा भरते.

मी मोजत असतानाच तिसरा पट्टा आणखी खोल गेला.

नावाडी माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत भीती नव्हती. राग होता, मी पाहिलं याचा.

सर्जनबाई संमतीपत्र घेऊन आल्या. "ही त्वचा गेली. आत्ताच काढून उजव्या हाताची लावू. गाल उघडा राहिला तर लाळ मानेतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाईल, मग आपल्या हातात काही नाही."

मुलीने पेन उघडलं.

नावाड्यांनी पाटी ओढली. 'उजव्याची नको.'

"का?"

खडू थांबला. मग पुन्हा चालू लागला.

'त्याच हाताने डाव्यावरची तिची बोटं सोडवली. एकेक करून.'

मुलीने वाचलं. पुन्हा वाचलं.

"छोटी बुडताना तुमच्या हाताला लागलीच नाही, असं सांगितलं होतंत, बाबा. आईला. मला."

त्यांनी पाटी पुसली.

"लवकर सही करा," सर्जनबाई म्हणाल्या. "वेळ नाहीये."

तिने पेनाला टोपण लावलं.