कुसुमबाईचा घाम

तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणाऱ्या बायांच्या दंडावर घाम मोजणाऱ्या चकत्या चिकटवायचं काम रचनाकडे होतं. चकती रुपयाएवढी, मऊ. घामातून अंगातलं पाणी आणि मीठ किती चाललंय ते तिला कळायचं आणि रचनाच्या फोनवर त्या बाईच्या नावापुढे ठिपका उमटायचा. हिरवा म्हणजे सगळं बरं. लाल म्हणजे बाईला ताबडतोब सावलीत बसवा, पाणी पाजा. चकती काढली की ठिपका राखाडी. सालेकशाकडच्या आपल्या गावात रचनानं पहिली चकती लावली ती स्वतःच्या मायला, कुसुमबाईला.

"खाजून राहिलं ना बाई हे," कुसुमबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाली.

"थोडं सहन कर. तुह्याच भल्यासाठी आहे."

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं पुटपुटत रचना कुडव्याला परतली. तिथं तिनं खोली घेतली होती.

मग एका दुपारी मायचा ठिपका राखाडी झाला. नेमकी तेव्हाच ती कामावरच्या साहेबांना फोनवरची नावं दाखवत होती. बाहेर येऊन तिनं मायला फोन लावला.

"काढली काऊन? लोकांसमोर माही इज्जत घालवतं का? आता काढशील ना, तर मी घरीच येनार नाही!"

"लावतो बाई, लावतो. रागावू नको."

संध्याकाळपासून ठिपका हिरवा. मग रोजच हिरवा. इतका की रचनानं फोन करणंच सोडलं. मायची तब्येत फोन सांगतोच आहे, मग विचारायचं काय?

कुसुमबाई पानं तोडता तोडता उन्हानं कोसळली आणि तिथंच गेली, त्या दुपारीही ठिपका हिरवाच होता. दंडावर चकती नव्हती. झुडपात कुठं गळली असेल, असं सगळे म्हणाले. रचनाला मात्र एकच गोष्ट आतून खात होती. मायशी आपलं शेवटचं बोलणं म्हणजे ती धमकी. ती परत घेता आली असती तर तिनं काहीही दिलं असतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. तिचा भाऊ रत्नपाल घराला कुलूप लावून नागपूरला कामावर गेला. ठिपका केव्हाच राखाडी झाला होता, तरी मायचं नाव फोनमधून पुसायचा रचनाला धीर होईना.

एका दुपारी ती डबा खात होती आणि त्या नावापुढे लाल ठिपका पेटला.

बॅटरी संपत आली की असं होतं, तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दुपारीही तेच. ऊन चढलं की पेटायचा, उतरलं की विझायचा. बिघडलेल्या चकतीचे आकडे वेडेवाकडे येतात, हे तिला ठाऊक होतं. हे आकडे शिस्तीत चढत होते, राबणाऱ्या माणसाचे चढतात तसे. ती स्कूटी काढून गावी गेली.

शेजारची रुख्माबाई किल्ली घेऊन आली. घर उघडलं, पण ती दारातच थांबली.

"मावशी, मायची चकती कुठं गेली, मालूम आहे?"

रुख्माबाई पदराचं टोक चाळवत राहिली. "तुले सांगाचं नव्हतं बाई. लय खाजे म्हनून तिनं ते मडक्याले लावलं होतं. मडकंबी पाझरते, म्हने. पोरीले हिरवं दिसलं म्हनजे झालं. तू घरी येनार नाही म्हनली होतीस ना."

"कुठं आहे ते मडकं?" रचनानं विचारलं.

"मडकं परसात आहे," रुख्माबाई म्हणाली. "मी नाही येत. दुपारचं कोनीच नाही जात तिकडं."

परसात मोहाच्या झाडाच्या सावलीत घडवंचीवर मडकं पालथं होतं. रत्नपालनंच ते रिकामं करून ठेवलं होतं. भिंतीकडच्या बाजूला चकती होती.

मडकं ओलं होतं.

रचनानं ते उचलून पाहिलं. आत ठणठणीत कोरडं, तळाशी कोळ्याचं जाळं. बाहेर मात्र थेंब. तिनं ओढणीनं पुसलं. पुन्हा थेंब फुटले, आधी गळ्याशी, मग खाली. तिनं एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

खारट.

मोहाचं पान हलत नव्हतं.

"माय?"

फोनवर ठिपका लालच. तिनं चकतीची कड नखानं धरली आणि हळूच सोलून काढली. ठिपका राखाडी झाला.

चकतीखालची माती लाल होऊन फुगली होती. भोवती नखांचे ओरखडे होते, उभे-आडवे. काही जुने, काही आत्ताचे.

"काढली, माय," रचना रडत म्हणाली. "नाही लावत आता. मी येईन घरी. चुकलं माहं."

लहानपणी गुडघा फुटला की माय करायची तसं तिनं तोंड जवळ नेलं आणि त्या ओरखड्यांवर हलकेच फुंकर घातली.

मडक्यावर बारीक काटा उभा राहिला.