दोन गॅलनचं पोट

हंबीररावाला इंजिनातलं सगळं कळायचं, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लढाईत चार वर्षं लॉऱ्या हाकून तो उंब्रजला परतला, तेव्हापासून पंचक्रोशीतली आजारी यंत्रं त्याच्याच दारात येत.

सत्तेचाळीसच्या चैत्रात कोरेगावच्या लालासाहेबांनी आपली लाल स्पोर्ट गाडी त्याच्या अंगणात आणून लावली. दोनच माणसं बसतील एवढी, गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेली. घाटात मात्र तापून उभी राहायची. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!

"आवं, आतलं पाणी कवा बदललंय का?" हंबीरराव हसला. "उद्या घेऊन जावा."

सकाळीच त्यानं रेडिएटरची तोटी सोडली. गंजाच्या लाल पाण्यानं दोन गॅलनचा, म्हणजे जेमतेम घागरभर पाण्याचा, डबा बरोबर काठोकाठ भरला. धुण्याचा सोडा घालून त्यानं आतून धुऊन काढलं, तोटी आवळली आणि विहिरीचं पाणी गाळून ओतायला घेतलं.

एक घागर गेली. दुसरी गेली. गाडी भरेना.

त्यानं खाली हात फिरवून पाहिला. माती कोरडी होती. इंजिनात पाणी शिरलं असेल म्हणून तेलाची पट्टी काढली. तेल स्वच्छ, रेघेवर. तिसरी घागर ओतताना त्यानं कान दिला.

तीन घोट, मग दम. तीन घोट, मग दम.

शेजारचा आकाराम असंच पाणी प्यायचा.

लिबियाच्या वाळवंटात छातीत गोळी घेऊन तो लॉरीत पडला होता आणि पाणी मागत होता. पाण्याचा शेवटचा डबा हंबीररावानं उकळत्या रेडिएटरमध्ये ओतला. लॉरीत आणखी नऊ जखमी होते, ते वाचले; आकाराम तहानलेलाच गेला. त्याचा निर्णय चुकला नव्हता. आजही त्यानं तेच केलं असतं. फक्त गावी आल्यावर आकारामच्या आईला, शालूबाईला, त्यानं सांगितलं होतं, "काकी, माझ्या हातानं पोटभर पाजलं त्याला." त्या एका वाक्यावर म्हातारी तगून होती.

हंबीररावाला पहिल्यांदाच भीती वाटली. तरी त्यानं चौथी घागर उचलून ओतायला सुरुवात केली.

"किती पाणी लागतंय रं हंबीरा?"

कुंपणापाशी शालूबाई उभी होती. कमरेवर भरलेली कळशी.

"झालंच, काकी. तुमी जावा घरी."

ती गेली नाही. मान तिरकी करून ऐकत राहिली. घागर रिकामी झाली.

"सर बाजूला."

तिनं स्वतःची कळशी कलती केली.

तीन घोट. दम.

तीन घोट.

पाणी काठाशी आलं आणि थांबलं.

शालूबाईनं पदरानं रेडिएटरचं ते पितळी तोंड पुसलं, लेकराचं पुसावं तसं. रिकामी कळशी कमरेवर घेतली. हंबीररावाकडं तिनं पाहिलंच नाही.

"पोटभर पाजलंस म्हनला हुतास," ती म्हणाली.