ओळखीचे स्वरूप

प्रेम कुणालाही, कुठेही, केव्हाही होऊ शकतं. त्याला वेळेचं बंधन नाही, जागेचं नाही आणि नियमांचं तर नाहीच नाही. नियमबाईंना ते मंगळवारी झालं, दुपारी एक ते दीड या अधिकृत सुट्टीत, कार्यालयाच्या जिन्यावर. नियमांचं म्हणाल, तर पुढे ते नियम क्रमांक चौदामध्ये सापडलं.

नियमबाई हे अर्थात सहकाऱ्यांनी ठेवलेलं नाव. ती बेरोजगारी विमा कार्यालयात विशेष अधिकारी होती. खाली तळमजल्यावर खिडक्या होत्या, रांगा होत्या. नोकरी गेलेल्यांचे अर्ज तिथे येत आणि साधे असले तर तिथेच मार्गी लागत. पण ज्याने नोकरी आपणहून सोडली, त्याला भत्ता द्यायचा की नाही, हा प्रश्न वर दुसऱ्या मजल्यावर तिच्या टेबलावर यायचा. सोडण्याचं कारण पुरेसं होतं का? तिने दोन पानी अभिप्राय लिहायचा आणि शेवटी एकच शब्द: ‘पुरेसे’ किंवा ‘अपुरे’. पक्षपात होऊ नये म्हणून फायलीवर नाव नसे, नुसता क्रमांक असे.

नऊ वर्षं ती लोकांची कारणं वाचत होती. कुणाची आई अंथरुणाला खिळली होती. कुणाला दिवसभर उभं ठेवत. एका बाईने एवढंच लिहिलं होतं, ‘तिथे मला कुणी नावाने हाक मारत नसे.’ ते कुठल्याच नियमात बसलं नाही. त्यावर ‘अपुरे’ लिहून तिने डबा तसाच घरी नेला होता. तेव्हापासून कामाबाहेर कुणालाही कशाचंही कारण विचारणं तिने बंद केलं. उशीर का झाला, केस का कापले, डोळे का सुजलेत... काही नाही.

आई वैतागायची. “जगातल्या निम्म्या लोकांनी नोकरी का सोडली ते तुला तोंडपाठ! आणि लग्नाला नाही का म्हणतेस असं मी विचारलं की म्हणतेस, कारण नोंदवलेलं नाही!”

तर तो मंगळवार. ती डबा घेऊन खाली निघाली होती. तिने लिफ्टचं बटण दाबलं. परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं.

“येणार नाही ती,” लिफ्टसमोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. “खाली दार नीट मिटलं नाहीये. ऐका... ती टकटक.”

तिने ऐकलं. तिला काही ऐकू आलं नाही. बाकावरचा माणूस मात्र मान तिरकी करून, एखाद्या आजाऱ्याचा श्वास ऐकावा तसा ऐकत होता. पस्तिशीचा असेल. हातात टोकन, आणि कितीही धुतली तरी काळी राहणारी नखं.

“आणि मॅडम, बटण एकदाच दाबायचं. तिला पहिल्यांदाच कळतं. पुढचं दोनदा दाबणं आपल्या समाधानासाठी.”

“माझं समाधान झालं,” ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली. तोही उठला.

“तुमचा नंबर यायचाय ना?”

“शंभर माणसं पुढे आहेत. तेवढ्यात दोनदा उतरून चढून होईल.”

दर मंगळवारी त्याला हजेरीची नोंद करायला दुसऱ्या मजल्यावर यावं लागे. आणि दर मंगळवारी लिफ्ट बंद असे. निदान तिला तसं वाटे, कारण दुसऱ्या मंगळवारपासून तिने बटण दाबलंच नाही. दोन मजल्यांचे अडतीस पायऱ्यांचे जिने. उतरायला दीड मिनिट लागतं. त्यांना बावीस मिनिटं लागायची. मधल्या वळणावर खिडकी होती, तिथे ते थांबायचे. ती डबा उघडायची, तो ‘नको नको’ म्हणत अर्धा संपवायचा.

“तुम्ही वर काय करता?” त्याने एकदा विचारलं.

“कागदाचं काम.”

“कंटाळा येत नाही?”

“कागदाचा नाही येत. त्यावर जे लिहिलेलं असतं त्याने... थकायला होतं.”

त्याने डब्यातला एक घास घेतला. मग म्हणाला, “मी लिफ्टची देखभाल करायचो, चौदा वर्षं. माणसं आत शिरली की मजल्याच्या आकड्याकडे बघतात. दोराकडे कुणी बघत नाही. बघू नयेच. ते बघायला कुणीतरी ठेवलेलं असतं.”

पुढचा प्रश्न अगदी उघड होता. तो तिने विचारला नाही. तिने डब्याचं झाकण लावलं.

“एक सांगू?” तो म्हणाला. “या इमारतीत शिरल्यापासून प्रत्येक जण मला एकच विचारतो, का सोडली? घरी भाऊ तेच विचारतो, शेजारी तेच. तुम्ही एकट्या अशा आहात, की...”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. तिनेही ते मागितलं नाही. पण जिना उतरताना तिचा हात कठड्यावर होता आणि त्याचा हात त्याच कठड्यावर, एक वीत मागे. ती वीत तेवढीच राहिली, कमी झाली नाही की वाढली नाही. तळमजला आल्यावर मात्र दोघांनाही हात काढायला जरा वेळच लागला.

असे पाच मंगळवार गेले. सहाव्याच्या आधल्या शुक्रवारी तिच्या टेबलावर एक फाईल आली.

अर्जदाराने बॉलपेनने, जोर देऊन लिहिलं होतं: ‘तीन इमारतींच्या लिफ्टची देखभाल झाली नसताना ती झाली, अशी सही करायला मालकाने सांगितले. मी केली नाही. हत्यारांची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघालो. माणसं आकड्याकडे बघतात, दोराकडे बघत नाहीत. सही माझी असते.’

तिने फाईल मिटली. परत उघडली. अक्षर तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं, तरी ते तिला त्याच्या आवाजात ऐकू येत होतं.

कारण पुरेसं होतं. तिने ते मनातल्या मनात उलटंपालटं करून तपासलं. तिऱ्हाईताचं असतं तरी पुरेसंच ठरलं असतं. तिने दोन पानं लिहिली, शेवटी ‘पुरेसे’ लिहिलं आणि सहीला पेन टेकवलं.

सहीच्या वर एक छापील ओळ होती. नऊ वर्षं ती तिच्याखाली सही करत आली होती आणि वाचायची वेळ आली नव्हती. ‘सदर अर्जदाराशी माझी कोणतीही ओळख नाही.’

पेन बराच वेळ तिथेच राहिलं. शाईचा एक ठिपका पडला आणि पसरला.

ओळख आहे असं कळवलं, तर नियम चौदाप्रमाणे फाईल शेजारच्या दालनात जाणार. तिथे नाहीसाहेब बसत. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. ती त्यांच्याकडे गेली.

“साहेब, सहज विचारते. एखाद्याला खोटी सही करायला सांगितली, म्हणून त्याने नोकरी सोडली तर?”

“लेखी सांगितलं होतं?” साहेबांनी चष्मा न काढता विचारलं.

“खोटं कर असं लेखी कोण सांगेल, साहेब?”

“मग सांगितलंच नाही.”

“पण माणूस खरं बोलत असला तर?”

“तर त्याने त्याची प्रत जोडावी,” साहेब म्हणाले आणि डबा उघडला.

शनिवार-रविवार ती घरात होती आणि नव्हतीही. आईने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. “ताप नाही,” आई म्हणाली. “मग काय आहे ते तूच सांग.” ती म्हणाली, “एक ओळ खोटी लिहिली तर एका माणसाचं भलं होतंय.” आईने भाजी चिरता चिरता विचारलं, “त्या माणसाला चालेल का?” आणि तिला रडूच आलं, कारण त्या माणसाला काय चालत नाही हे त्याने बॉलपेनने, जोर देऊन लिहिलेलं होतं.

सोमवारी तिने ती दोन पानं फाडली आणि कपाटाच्या तळातून ओळख-निवेदनाचा अर्ज काढला. त्यात एक रकाना होता: ‘ओळखीचे स्वरूप’. खाली दोन सह्या, अधिकाऱ्याची आणि अर्जदाराची.

मंगळवारी तो बाकावर होता. ती आली तसा हसून उठला. ती हसली नाही.

“आज खाली टेबलापाशी जाऊ या,” ती म्हणाली. “जिना नको.”

तळमजल्यावर अर्ज भरायचं उंच टेबल होतं, त्यावर दोरीने बांधलेलं एकुलतं एक पेन. चार बाजूंनी माणसं. ती हळू आवाजात सगळं बोलली: वर ती नेमकं काय करते, कुठली फाईल आली, शेजारच्या दालनात कोण बसतं.

“ते नाही म्हणतील,” ती म्हणाली. “मी हो म्हणाले असते. पण मला त्या ओळीखाली सही... नाही करता आली. रागवा हवं तर.”

तो अर्जाकडे बघत राहिला.

“म्हणजे तुम्ही ती एक सही केली असतीत, तर माझं काम झालं असतं.”

“हो.”

“आणि मग पुढच्या मंगळवारी मी तुमच्याशी काय बोललो असतो?” तो म्हणाला. “द्या इकडे. कुठे करायची सही?”

तिने बोट ठेवलं. त्याने पेन घेतलं, रकाना वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“हे काय? ‘जुजबी.’”

“तसंच लिहितात.”

“खरं नाही ते. मी नाही करणार सही.”

“अहो, हा नुसता एक कागद आहे!”

“मालकही असंच म्हणाले होते. नुसता कागद आहे.”

तिने आजूबाजूला पाहिलं. रांग पुढे सरकत होती. कुणाचं तरी बाळ रडत होतं. तिचे कान तापले.

“मग... काय लिहू?”

“तुमच्या बाजूचं तुम्हाला माहीत. माझ्या बाजूचं सांगतो. बुधवारी सकाळी उठलो की सहा दिवस मोजायला घेतो. बसतंय का रकान्यात?”

“रकाना लहान आहे,” ती म्हणाली.

“मग लहान अक्षरात लिहा.”

तिने ‘जुजबी’वर रेघ मारली. पाच मंगळवार, बावीस बावीस मिनिटं, वीतभर कठडा... आणि लिहिलं, ‘प्रेमाचे. निदान माझ्या बाजूने.’ कागद त्याच्याकडे फिरवला आणि खिडकीवरची सूचना वाचायला लागली. ती तिनेच लिहिलेली होती.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. नाहीसाहेबांनी अर्ज फेटाळला, लेखी पुराव्याअभावी. अपील करायचं की नाही यावरून त्या दोघांचं पहिलं भांडण झालं. तिने करायला लावलं, आणि ते अजून पडून आहे. तो आता एका दवाखान्याची लिफ्ट सांभाळतो. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. कधी कधी ती जागी होते आणि तिला वाटतं, एका सहीने हे सगळं सोपं झालं असतं. मग कूस बदलते.

पण त्या क्षणी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. त्याने अर्ज वाचला. शेवटच्या तीन शब्दांवर रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘दोन्ही बाजूंनी’ लिहिलं आणि जोर देऊन सही केली. पेन तिच्या हातात दिलं, पण सोडलं नाही. तिनेही ओढून घेतलं नाही. त्याची बोटं गरम होती. ती वर बघायला तयार नव्हती आणि तो दुसरीकडे बघायला तयार नव्हता, आणि सबंध तळमजला एकदम गप्प झाल्यासारखा वाटला.

“ताई,” मागून एक म्हातारी खोकली, “तुमचं दोघांचं झालं असेल तर ते पेन जरा इकडे द्या.”