मशीन चालू असेपर्यंत

मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन मापं घेते, अस्तर लावून शिवून देते. आमचे हे घाऊक बाजारात फळांचे लिलाव पुकारायचे. एवढ्या कोलाहलावर यांचा आवाज चढायचा, आणि तोच आवाज घेऊन घरी यायचे. जिन्यातूनच ओरडायचे, "खडूसबाई, दार!" मी आतून म्हणायचे, "आले, आले. मोडू नका दार!" वरच्या मजल्यावरची माणसं ते ऐकून चहा ठेवायची.

कंपवाताने आधी यांचे हात धरले, मग घसा. आता शब्द ओठांवरच विरतो. तोंडाला कान लावावा तेव्हा 'पाणी' एवढं कळतं. मला बाकी काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्या जुन्या आवाजात 'खडूसबाई' ऐकायचं होतं.

इस्पितळात बोलण्याचे व्यायाम घेणारी एक पोरगी आहे. तिने यांच्या कानांवर हेडफोन चढवले, त्यात कुठल्याशा भरलेल्या उपाहारगृहाचा गलका लावला आणि विचारलं, "काका, आज नाश्त्याला काय होतं?"

आणि हे बोलले. असे खणखणीत बोलले की बाहेरच्या बाकावरच्या माणसाने मान वळवली. तिने हेडफोन काढले, आवाज पुन्हा बसला.

"गोंगाटात आपण सगळेच आपोआप आवाज चढवतो, काकू," ती म्हणाली. "नुसतं 'मोठ्याने बोला' म्हटलं तर काकांना जमत नाही. पण हे न सांगता आवाज चढणं अजून शाबूत आहे. हा गलका तुमच्या फोनवर पाठवते, घरी रोज थोडा वेळ ऐकवा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू? उभा जन्म संसार केला मी, आणि इतक्या महिन्यांनी पहिलं धड वाक्य मिळालं ते हिला! वर हे तिच्याकडे बघून हसत होते.

तो गलका मी घरी लावलाच नाही. गोंगाटच हवा ना? मग माझं मशीन काय मेलंय? मोटर जुनी आहे, पेडल दाबलं की खिडकीची काच थरथरते. यांची खुर्ची मशीनजवळ ओढली, जाड कापड घेतलं आणि पेडल दाबलं.

"शिलाई तिरकी जातेय," हे म्हणाले.

मला रडूच कोसळलं. शिलाई खरंच तिरकी जात होती. "अजून बोला ना," म्हणत मी पाय उचलला, तर आवाज पुन्हा ओठांवर येऊन थांबला. म्हणजे गोंगाट मीच करायचा आणि त्यातूनच मी ऐकायचं. बरं, तसं तर तसं. काम संपलं की मी सुईतला दोरा काढून चिंध्यांवर मशीन पळवायला लागले.

हे खूप बोलायला लागले. बाजारातले किस्से, कोणी कोणाला कसं फसवलं, सगळं. पण माझ्याकडे बघून नाही. भिंतीलगत दुसरी एक खुर्ची आहे, इस्त्रीचे कपडे ठेवायची. हे तिच्याकडे बघून बोलायचे. मग थांबायचे, मान डोलवायचे, आणि खो खो हसायचे.

मी इस्पितळातल्या त्या पोरीला फोन केला. "काही गोळ्यांनी भास होतात, काकू. घाबरू नका, डॉक्टरांच्या कानावर घालते." डॉक्टरांनी गोळी बदलली. हसणं चालूच राहिलं.

भासाचाही कुणी हेवा करतं का? मी केला. त्यापेक्षा ती पोरगी परवडली, निदान दिसत तरी होती. सवतीला पकडावं तशी मी मध्येच झटकन पाय उचलायचे. खोली गप्प, यांचे ओठ हलतायत, बस्स. एकदा मात्र मशीन थांबलं आणि त्याच्या जरा मागाहून आणखी काहीतरी थांबलं. हसण्याचं शेपूट. बाईमाणसाचं.

मी काही खुळी बाई नाही. दुसऱ्या दिवशी शिवताना फोनवर सगळं रेकॉर्ड केलं आणि दुपारी हे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून ऐकलं. यांचा आवाज आणि मशीनची घरघर. दुसरं कोणी नाही. सुटले बाई, म्हटलं. मग पुन्हा एकदा ऐकलं.

हे बोलत होते तेव्हा मशीन भरधाव. हे थांबले की मशीनचा वेग उतरायचा, घरघर खाली यायची. हे बोलू लागले की वेग पुन्हा चढायचा. दर वेळी तसंच. आणि पेडलवर पाय माझा होता. तिचं बोलणं यांना नीट ऐकू यावं म्हणून मीच पाय सैल सोडत होते, आणि मला पत्ता नव्हता.

हे जागे झाल्यावर मी विचारलं, "कोणाशी गप्पा मारता हो एवढ्या?" आणि तोंडाला कान लावला.

"तुझ्याशीच की."

"मी तर मशीनवर असते!"

यांनी मशीनकडे पाहिलं. बघतच राहिले. मग पुटपुटले, "मशीनवर कोण असतं, तेच विचारायचं होतं तुला."

संध्याकाळच्या आत मी त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचले, वर जाड पडद्यांचा गठ्ठा ठेवला. आता बस म्हटलं, बघते कशी बसतेस. मशीनवर बसले, नजर सुईवर, पाय एकसारखा दाबून धरलेला. जराही सैल सोडायचा नाही.

हे गप्प. जिरली, मी मनात म्हटलं.

मग घरघरीवर यांचा आवाज चढला. बाजारातला. जिन्यातला.

"खडूसबाई, दार!"

माझा ऊर भरून आला. पाय उचलला, मशीन थांबलं, उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"आले, आले. मोडू नका दार!" पॅसेजमधून कोणीतरी म्हणालं.

आवाज माझा होता.

मी वळून पाहिलं. भिंतीलगतची खुर्ची रिकामी होती. कपडे आणि पडदे खाली जमिनीवर, घड्या न मोडता.

दाराची कडी सरकली.

मशीन बंद होतं, घरात कसलाच आवाज नव्हता, तरी हे दाराकडे बघत खणखणीत बोलले, "किती वेळ लावलास गं!"

"अहो," मी म्हटलं. "अहो, मी इथे आहे."

हे माझ्याकडे वळले. माझ्या ओठांकडे नीट बघत यांनी कान पुढे केला.

"बाई, जरा मोठ्याने बोला," म्हणाले. "काहीच ऐकू येत नाही."