ब्लू टिकवाला सलिल

ठाण्याच्या मासुंदा तलावावरचा बोटवाला एकट्याला पेडलबोट देत नाही. म्हणून रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलाला त्याने सरळ माझ्या शेजारी बसवलं आणि बोट ढकलून दिली. झालं! आता मारा पाय.

“मी सलिल. वागळे इस्टेटला कामाला,” तो म्हणाला. “तुम्ही... रागावलात?”

“मी कादंबरी. डोंबिवलीची. अजून ठरवलं नाहीये.”

तो हसला. कसला गोड हसला! मध्यावर येईपर्यंत मी इन्स्टावर त्याला शोधलंसुद्धा. हाच चेहरा, हेच हसू, नावापुढे ब्लू टिक. फॉलो केलं आणि लगेच मेसेज आला — ‘बोटीतून उतर. शेजारी बसलाय तो मी नाही.’

माझे पाय थांबले. सलिलचा मोबाईल तर त्याच्या खिशात होता. आसपास एकही बोट नव्हती.

माझ्या स्क्रीनकडे बघून त्याचं तोंड उतरलं. “आला ना? ते अकाउंट माझं नाहीये. कोणीतरी माझ्या आधार कार्डावर टिक घेतलीये. तक्रार केली तर म्हणतात, खरा तोच, डुप्लिकेट तुम्ही.”

“अरे, पण टिक म्हणजे काय? ओळखपत्र दाखवलं, महिन्याचे पैसे भरले. संपलं!”

“हे तुला कळतं. माझं ठरलेलं लग्न मोडलं... तिने त्यालाच विचारलेलं, खरा कोण म्हणून.” तो पाण्याकडे बघत राहिला. “तुला उतरायचं असेल तर बोट वळवतो.”

मोबाईल पुन्हा थरथरला. आमचाच फोटो, समोरून काढलेला. आणि समोर नुसतं काळं पाणी! मी घाबरले, खूप घाबरले, आणि घाबरून हात धरला तो सलिलचाच. माझ्याइतकाच घामेजलेला. मी टिकवाल्याला ब्लॉक केलं.

“मार पाय,” म्हटलं, “अजून एक चक्कर.”

मग आम्ही भेटतच राहिलो. परवा डोंबिवलीत फडके रोडवर कॉफी पिताना सलिलचा मोबाईल वाजला. मेसेज वाचून त्याने मोबाईल माझ्याकडे सरकवला. माझं नाव, माझा फोटो, पुढे ब्लू टिक. मी कधी टिक घेतलीच नव्हती! खाली एकच ओळ होती — ‘समोर बसलीये ती मी नाही.’

“सलिल... माझ्यावर विश्वास ठेवशील?” माझा आवाज मलाच परका वाटला.

त्याने माझी बोटं आपल्या बोटांत घट्ट गुंफली.

“तूच उत्तर दे तिला,” तो म्हणाला. “लिही — खरी असो नाहीतर खोटी, मला हीच हवी.”